थव्याचे शहाणपण

काँगो टेट्रा हा बोटभर मासा. नर साधारण आठ सेंटिमीटर, मादी त्याहून लहान आणि फिकट. काँगो नदीच्या खोऱ्यात तो थव्याने राहतो. किडे, अळ्या, शेवाळ, मिळेल ते खातो. नराच्या अंगावर निळ्या-सोनेरी छटांचे पट्टे असतात, आणि त्याने जरा कूस वळवली की छटा पालटतात. ही झळाळी बरीचशी रंगद्रव्याची नव्हे, कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या उजेडाची.

माशाच्या कुशीवर संवेदनशील छिद्रांची एक ओळ असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. शेजाऱ्याच्या हालचालीने पाणी हलले की ते तिला कळते. 1976 मध्ये एका प्रयोगात काही समुद्री माशांचे डोळे झाकले, तरी ते थव्यात सामील झाले. पार्श्वरेखेच्या नसाही तोडल्या, तेव्हा मात्र जमेना. काँगो टेट्राची पार्श्वरेखा मुळातच अर्धवट. तरी तो थवा धरतो. डोळे शाबूत असले की तेवढीही पुरत असावी.

थव्याला पुढारी नसतो, जो तो फक्त शेजाऱ्याकडे लक्ष ठेवतो, यावर भाळून पुष्कळ लिहिले जाते. मला त्यात लोकशाही दिसत नाही, भीती दिसते. एकटा मासा शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. सारख्याच अंगांच्या लखलखाटात नेमका कोणता धरावा हे त्याला ठरवता येत नाही. पण ही युक्ती एकेक टिपणाऱ्यापुरतीच. जाळे निवड करत बसत नाही. त्याच्यापुढे जवळीकच जिवावर बेतते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज बूलेंजरने काँगो टेट्राचे शास्त्रीय वर्णन 1899 मध्ये केले. 1885 ते 1908 या काळात काँगोचा हा सारा मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता, आणि तिथे त्याने कधी पाऊलही टाकले नाही. बूलेंजरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या टेबलावर आले ते मासे. पण त्याच नदीवाटे रबर आणि हस्तिदंतही युरोपकडे जात होते. ठरवून दिलेले रबर भरले नाही तर शिपाई गावावर येत, बायकांना ओलीस धरत आणि पुरुषांना रबराच्या वेलींमागे रानात पिटाळत. शिपायांची चाहूल लागली की गावेच्या गावे आधीच पांगून रानात शिरत.