न झालेल्या जखमेचा हिशेब

२७ नोव्हेंबर १९७३ला परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ला त्या न्यूमोनियाने गेल्या. मधली साडेएक्केचाळीस वर्षं त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. दयामरण, कायदा, सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा निकाल यांवर आपण पुष्कळ बोललो. मला मात्र त्या निकालपत्रातली एक साधी नोंद विसरता येत नाही. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोअर झाला नव्हता.

ज्यांच्या घरात कुणी महिनाभर अंथरुणाला खिळलं आहे, त्यांना या नोंदीचं वजन कळेल. माकडहाड, टाचा, कमरेची हाडं, या ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. तिथे रक्त पोचत नाही. काही तासांतच लाली दिसते आणि दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते. ती टाळायची तर दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, ओलं झालं की लगेच पुसून कोरडं करायचं, पोटात पुरेसं अन्न जातंय का ते पाहायचं. आणि दोन तासांनी पुन्हा तेच. केईएमच्या परिचारिकांनी हे चार दशकं केलं. ज्यांनी अरुणाताईंना हिंडताफिरताना पाहिलं होतं त्या निवृत्त झाल्या, मग त्यांना कधीच न ओळखलेल्या मुलींनी ते काम हातात घेतलं. १९८०च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवायचा विचार महापालिकेत झाला, तेव्हा याच परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

याला आपण 'सेवा' म्हणतो. आपल्याकडे हा शब्द फार जवळचा आहे. १८९७मध्ये पुण्याच्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. अशा मातीत तो शब्द पवित्र वाटणारच. माझी तक्रार एवढीच, की 'सेवा' म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो. ती करायला किती तास लागतात आणि किती माणसं लागतात, हे विचारायचं राहून जातं.

माझ्या वडिलांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची तिसरी रात्र होती. वडील "बरं वाटतंय" म्हणत होते, आम्हीही निर्धास्त होतो. पहाटे तीनच्या सुमारास सिस्टर आल्या. त्यांनी लघवीची पिशवी पाहिली, हाताला हात लावला, घड्याळाकडे बघत मिनिटभर श्वास मोजले आणि काही न बोलता फोनकडे गेल्या. लघवी कमी झाली होती आणि श्वास भरभर चालला होता. रक्तात जंतुसंसर्ग पसरायला लागला होता. तासाभरात वडील आयसीयूत होते आणि ते वाचले. डिस्चार्ज कार्डावर तीन डॉक्टरांची नावं होती. बिलात एक ओळ होती : नर्सिंग चार्जेस. त्या मिनिटभराच्या मोजणीचं नाव कुठेच नव्हतं.

नर्सच्या चांगल्या कामाचं असंच होतं. झालेली शस्त्रक्रिया दिसते, न झालेली जखम दिसत नाही. पण ती मोजता येते. २००२मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाख तीस हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. कॅलिफोर्नियाने तर १९९९मध्ये कायदाच केला आणि एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण द्यायचे ते २००४पासून बांधून दिलं.

आपल्याकडे निकष नाहीत असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेने वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका सांगितली आहे. आता कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री जाऊन पाहा. खाटा भरलेल्या, खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर गाद्या, आणि टेबलाशी एक किंवा दोन सिस्टर. धरून चाला, त्या वॉर्डात आठच रुग्ण असे आहेत ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. बारा तासांच्या रात्रीत प्रत्येकाला सहा वेळा वळवायचं, म्हणजे ४८ वेळा. दर खेपेला पाच मिनिटं धरली तरी चार तास गेले, आणि एकटीने वळवता येत नाही, धरायला दुसरं माणूस हवं. सलाईन, इंजेक्शनं, नवे दाखल झालेले रुग्ण, मॉनिटरचा अलार्म, नातेवाइकांचे प्रश्न, सकाळच्या हँडओव्हरसाठी नोंदी, हे सगळं उरलेल्या आठ तासांत. मग कुणाच्या तरी पाठीवरची लाली पाहायची राहते. पुढे तिची जखम झाली की ओरडा सिस्टरलाच बसतो. हा अन्याय आहे.

खासगी रुग्णालयांतली गोष्ट पगारापासून सुरू होते. जानेवारी २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला यासाठी समिती नेमायला सांगितलं. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नको, असं त्या समितीने सुचवलं. केरळातल्या परिचारिकांनी रस्त्यावर उतरून २०१८मध्ये किमान वेतन वाढवून घेतलं. आपल्या गावातल्या नर्सिंग होममधल्या मुलीच्या हातात किती पडतात, तिलाच विचारा. चार वर्षं शिकलेली मुलगी आखाती देशात किंवा इंग्लंडला निघून गेली, तर तिला नावं ठेवायचा अधिकार मला तरी वाटत नाही.

आपलं माणूस दाखल करताना आपण डॉक्टर कोण, मशिनं कोणती, एसी आहे का, कॅशलेस आहे का, सगळं विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा. काउंटरवर स्पष्ट विचारा : आज रात्री या वॉर्डात किती रुग्ण आहेत आणि सिस्टर किती?