रिकाम्या गाळ्याचा मालक

डडली हे इंग्लंडच्या मध्य भागातलं जुनं कारखानदारी शहर. जवळचा राउंड ओक पोलाद कारखाना १९८२ साली बंद पडला आणि त्या परिसरातली जमीन सरकारने ‘एंटरप्राइज झोन’मध्ये घातली. तिथे जो बांधेल त्याला दहा वर्षं जागेवरचा कर माफ, बांधकामाच्या खर्चावर करसवलत, परवानग्याही झटपट. हेतू असा, की बेकार झालेल्या माणसांसाठी नवे उद्योग यावेत. प्रत्यक्षात १९८५ पासून तिथे मेरी हिल हे अवाढव्य खरेदी केंद्र उभं राहत गेलं. गाडी लावायला फुकट जागा, वर छप्पर, सगळं एकाच ठिकाणी. १९९० मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने डडलीच्या पेठेतलं दुकान बंद करून मेरी हिलला बस्तान हलवलं. असं मोठं दुकान गेलं की त्याच्या निमित्ताने पेठेत येणारी माणसंही जातात आणि त्यांच्या येण्याजाण्यावर चालणाऱ्या शेजारच्या लहान दुकानांचा गल्ला आटतो. पेठेतला दुकानदार पूर्ण कर भरत होता, त्याचा प्रतिस्पर्धी भरत नव्हता. जे झालं त्याला गिऱ्हाइकाची आवड कसं म्हणायचं?

स्थानिक दुकानं वाचवण्याच्या आजच्या मोहिमा पाहताना मला डडली आठवतं, कारण या मोहिमा बहुतेक वेळा गिऱ्हाइकालाच साकडं घालतात. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रिटनमध्ये ‘स्मॉल बिझनेस सॅटरडे’ साजरा होतो. अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही कल्पना २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये आली. यॉर्कशरमधल्या कॅल्डरडेल भागातून निघालेली ‘टोटली लोकली’ ही मोहीम त्याहून साधी आणि मला अधिक जवळची वाटते. तिथल्या प्रत्येक प्रौढ माणसाने आठवड्याला पाच पौंड गावातल्या स्वतंत्र दुकानात खर्च केले, तर वर्षाकाठी सुमारे चार कोटी पौंड त्या भागात फिरतील, एवढंच ती सांगते. या हिशेबात खोट नाही. पैसा गावात राहिला की त्यातून गावातल्याच कुणाचा तरी पगार होतो.

पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पैसा पैसा जोडून किराणा भरणाऱ्या बाईला ‘चार पैसे जास्त गेले तरी चालतील, गावासाठी घ्या’ असं सांगायचा अधिकार कुणाला आहे? सुपरमार्केटमध्ये दूध स्वस्त मिळत असेल तर ती तिथेच जाणार आणि तिने तिथेच जावं. पेठ टिकवायचा भार सगळ्यात रिकाम्या पाकिटावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पेठ मेल्यावर सगळ्यात जास्त हालही अशाच बाईचे होतात. इंग्लंडमध्ये पाचातल्या एका घराकडे आजही मोटार नाही. गावाबाहेरचं खरेदी केंद्र अशा घरापासून खरोखरच लांब असतं.

मग सूत्रं असतात कुणाकडे? एखाद्या रिकाम्या गाळ्यासमोर उभं राहून विचार करू. काचेवर आतून कागद चिकटवलेला, दाराखालून सरकवलेल्या पत्रांचा आत ढीग, वर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी उन्हाने फिकी पडलेली. बाहेरून वाटतं, मालक भाडेकरूची चातकासारखी वाट पाहत असेल. पुष्कळदा तसं नसतं. मालक ही दूरच्या शहरातली, कधी परदेशातली गुंतवणूक कंपनी असते. इमारतीची किंमत तिच्या कागदावर भाड्यावरून ठरते आणि त्या किमतीवर बँकेचं कर्ज उभं असतं. एक गाळा निम्म्या भाड्याने दिला तर सगळ्या इमारतीची किंमत खाली येते. त्यापेक्षा गाळा बंद राहिलेला परवडतो. ब्रिटनमधल्या दुकानांच्या भाडेकरारांत तर भाड्याचा फेरविचार होईल तेव्हा ते वाढेल किंवा तेवढंच राहील, कमी होणार नाही, असं कलम सर्रास असतं. धंदा निम्म्यावर आला तरी भाडं जागचं हलत नाही. हे कलम जिथे लिहिलं जातं, तिथपर्यंत गिऱ्हाइकाचे पाच पौंड पोचत नाहीत.

कायद्याने हात दिला तरी तो नेमका कुणाला दिला, हे पाहावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडं राहण्याची मुभा दिली. लहान दुकानांवर बंधन नाही. कोपऱ्यावरच्या दुकानांना, त्यात युगांडातून १९७२ मध्ये हाकलल्या गेलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांची दुकानंही आली, याचा आधार मिळाला. मोठ्या दुकानांवरची ही मर्यादा सैल करायचा सरकारचा प्रयत्न २०१६ मध्ये संसदेत ३१७ विरुद्ध २८६ मतांनी पडला, तो मोहिमांचा खरा विजय होता. पण कायदा दुकानाचं क्षेत्रफळ मोजतो, मालक विचारत नाही. टेस्को आणि सेन्सबरीज या सुपरमार्केट साखळ्यांनी मर्यादेत बसणारी छोटी दुकानं काढली आणि त्या त्याच कोपऱ्यांवर येऊन बसल्या.

डेव्हनमधलं टॉटनेस हे जेमतेम आठ-नऊ हजार वस्तीचं गाव. २०१२ मध्ये तिथे कोस्टा ही कॉफीची साखळी येणार म्हटल्यावर हजारोंनी विरोधात सह्या केल्या. तरीही तिला परवानगी मिळाली. परवानगीच्या नियमांत जागेचा वापर विचारला जातो, दुकान गावातल्या माणसाचं की साखळीचं याला महत्त्व नसतं. शेवटी कंपनीनेच ऑक्टोबरमध्ये माघार घेतली. टॉटनेसच्या लोकांनी नुसती तिथली कॉफी न पिण्याची शपथ घेऊन भागवलं नाही, ते संघटित होऊन दुकान उघडण्याआधी उभे राहिले, म्हणून हे घडलं. असं गाव विरळा, हेही खरं. तिथे २००६ पासून ‘ट्रान्झिशन टाउन’ चळवळीत लोकांना एकत्र बसून गावाचा विचार करायची सवय लागली होती.

उत्तरेतल्या स्टॉकटन-ऑन-टीसचा मार्ग वेगळा आणि जास्त मोलाचा. किरकोळ व्यापाराच्या जाणकार मेरी पोर्टास यांनी पेठांच्या दुरवस्थेवर २०११ मध्ये सरकारला अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी बारा गावांना मिळून बारा लाख पौंड देण्यात आले. त्या बारांत स्टॉकटन होतं. एवढ्या पैशात सजावट होते, कार्यक्रम होतात. मोठी दुकानं जायची ती गेलीच. तेव्हा नगरपरिषदेने वेगळी गोष्ट ओळखली: पेठेत दुकानं गरजेपेक्षा जास्त झाली आहेत आणि ती परक्यांच्या मालकीची आहेत. २०१९ मध्ये तिने पेठेतली दोन्ही खरेदी केंद्रं विकत घेतली. उरलेल्या दुकानदारांना त्यातल्या वेलिंग्टन स्क्वेअरमध्ये एकत्र आणायचं ठरवलं. पेठ आणि टीस नदी यांच्यामध्ये १९७० च्या दशकापासून भिंतीसारखं उभं असलेलं दुसरं, कॅसलगेट केंद्र २०२२ मध्ये पाडायला घेतलं आणि तिथे नदीपर्यंत जाणारं उद्यान आखलं. दुकानं कमी करून पेठ वाचवायची, हे धाडस जागा हातात असल्याशिवाय करता येत नाही.

सरकारलाही हे थोडंफार पटलेलं दिसतं. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या नगरपरिषदांना नवा अधिकार मिळाला आहे. दोन वर्षांच्या काळात ३६५ दिवसांहून जास्त रिकामा राहिलेला गाळा मालकाची मर्जी नसली तरी एक ते पाच वर्षांच्या करारासाठी लिलावात काढता येतो, आणि लिलावाला किमान बोलीची अटही नाही.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध थेट आहे. बहुब्रँड किरकोळ व्यापारात परकीय भांडवलाला केंद्राने २०१२ मध्ये वाट दिली, पण निर्णय राज्यांवर सोडला. महाराष्ट्राने संमती दिली आणि पुढे टाटांच्या ट्रेंटबरोबर निम्म्या भागीदारीत टेस्को इथे आली. आपल्याकडचा तेव्हाचा वाद देशी की परदेशी याच मुद्द्याभोवती फिरला. डडलीची पेठ तर ब्रिटिश दुकानांनीच ओस पाडली, तीही ब्रिटिश सरकारच्या करसवलतीवर. आपल्या तालुक्याच्या गावांना विचारायचे प्रश्न घराजवळचे आहेत. तहसील कचेरी आणि एसटी स्टँड बायपासला नेलं तर पेठेत कोण येणार? विकास आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा व्यापारी संघ स्वतःच्या भूखंडापलीकडे काही लिहून देतो का?

आणि स्टॉकटनला जे विकत घ्यावं लागलं, ते आपल्या कितीतरी नगरपालिकांकडे आधीपासूनच आहे: त्यांच्या मालकीच्या व्यापारी संकुलांतले गाळे. दिवाळीत ‘खरेदी गावातच करा’ असे फलक लावणाऱ्यांनी त्या गाळ्यांच्या लिलावाच्या अटी मागून घ्याव्यात आणि सभेत वाचायला लावाव्यात. गाळा कुणाला मिळाला, किती भाड्याने, परस्पर पोटभाड्याने दिलेला चालतो का, आणि कुलूप लावून ठेवला तर किती महिन्यांनी पालिका तो परत घेते.