वीतभर पाणी

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवास पृथ्वीवर सत्ता दिली, हे आपण आवर्जून सांगतो. दुसऱ्या अध्यायात त्याच्यावर बागेची मशागत व राखण सोपविली, याचा उच्चार मात्र क्वचितच होतो. सत्ता आणि राखण यांचा मेळ कसा घालावा?

जयपूर जिल्ह्यात दूदूजवळ लापोडिया नावाचे गाव आहे. १९७७ साली लक्ष्मण सिंह या तरुणाने सोबत्यांसह तेथील फुटका तलाव दुरुस्त करावयास घेतला. (२०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.) पुढे ग्रामस्थांनी उजाड गायरानात 'चौके' आखले. तीन बाजूंना मातीचे बुटके बांध. उताराची वरची बाजू मोकळी. चौक्यात वीतभर पाणी साचले की उरलेले पुढील चौक्यात उतरते. अधिक साठल्यास गवतच कुजेल. बांध उंच करून सारे पाणी अडविण्याची सत्ता गावाच्या हाती होती. ती वापरावयाची नाही असे गावाने ठरविले, आणि गायरान हिरवे झाले. ख्रिस्ताचे नाव न घेणाऱ्यांनी दुसरा अध्याय आपल्याहून बरा जाणला, असेच म्हणावे लागते.

मिशनकाळापासूनच्या जमिनी आपल्या मंडळ्यांकडेही आहेत. त्यांच्या विक्रीवरून वाद न्यायालयापर्यंत गेलेले आपण पाहिले. त्या जमिनींवर पडणारे पावसाचे पाणी जाते कोठे, हा प्रश्न मंडळीच्या सभेत कोणी मांडला आहे काय?