ऐकून घेण्याचा धर्म

काही महिन्यांपूर्वी एका सायंकाळी माझ्या नल्लकुंट्याच्या घरी एक डॉक्टर आले. वैद्यक परिषदेने त्यांचे नाव सहा महिन्यांकरिता नोंदपटावरून कमी केले होते. वय साठीकडे झुकलेले. 'मी चुकलो नाही, एवढेच उच्च न्यायालयाने म्हणावे,' ही त्यांची मागणी. न्यायालय बहुधा तसे म्हणणार नाही, हे त्यांना सांगणे मला जड गेले. संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली दाद मागणाऱ्यास न्यायालय सहसा एवढेच विचारते: तुमचे ऐकून घेतले काय? निर्णयास कारणे दिली काय? शिक्षा अपराधाच्या मापाची आहे काय? उपचार योग्य होता की अयोग्य, हा निवाडा ते परिषदेकडेच ठेवते.

त्यांना हे अपुरे वाटले. क्षणभर मलाही वाटले. मग आदिपर्वातील मांडव्य ऋषी आठवले. चोरांनी मुद्देमाल त्यांच्या आश्रमात लपविला, ऋषींचे मौनव्रत, राजपुरुषांनी मौनालाच कबुली मानले आणि राजाने त्यांना सुळावर चढविले. पुढे त्यांनी प्रत्यक्ष धर्माच्या दारी जाऊन कारण विचारले. बालपणी एका कीटकास काडी टोचल्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. एवढ्याशा अपराधास एवढा दंड? ऋषींनी धर्मालाच शाप दिला आणि तो विदुर होऊन जन्मला. राजाने ऐकले नाही आणि धर्माने माप सोडले. आमच्या रिट अर्जांतील दोन मुख्य मुद्दे व्यासांनी एकाच कथेत मांडून ठेवले आहेत. दंड देणाराही उत्तरदायी आहे, ही कल्पना आपण विलायतेहून आणलेली नाही.

विलायतेतील दोन खटले मात्र बोधप्रद आहेत. डॉ. टॉमस ॲलिन्सन हे औषधांपेक्षा आहारावर विश्वास ठेवणारे गृहस्थ. वर्तमानपत्रांतून इतर डॉक्टरांच्या औषधोपचारावर टीका करून लोकांना आपल्याकडे बोलावतात, म्हणून १८९२ साली त्यांचे नाव पटावरून काढले गेले. ते न्यायालयात गेले आणि १८९४ मध्ये हरले. परिषदेपुढे पुरावा होता आणि तिने प्रामाणिकपणे निर्णय दिला, मग आम्ही हात घालणार नाही, असे न्यायाधीश म्हणाले. १९१४ मध्ये लंडनमध्ये फुप्फुसावरणाच्या दाहाने आजारी असलेल्या गांधीजींनी ज्यांचा सल्ला घेतला, ते हेच डॉक्टर. (पुढे १९२२ साली गांधीजींचेही नाव बॅरिस्टरांच्या पटावरून गेले.)

दुसरे डॉ. स्पॅकमन. घटस्फोटाच्या एका दाव्यात रुग्ण स्त्रीशी व्यभिचार केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. परिषदेने तो निकालच अंतिम मानला आणि त्यांचा नवा पुरावा ऐकण्याचे नाकारले. १९४३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय रद्द केला. नीट ऐकले असते तरी हाच निर्णय झाला असता, ही सबब लॉर्ड राइट यांनी मानली नाही. डॉक्टर निर्दोष होते काय? न्यायालयाने ते सांगितले नाही. कदाचित नसतीलही. तरीही मला हा निकाल योग्य वाटतो. कारण ज्याचे ऐकलेच नाही, त्याचा अपराध आपणांस कळला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

पण मनात एक शल्य राहते. परिषदेत बसतात ते बहुतेक डॉक्टरच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातील ३० वे कलम परिषदेच्या निर्णयावर अपिलाचा हक्क डॉक्टरास स्पष्ट शब्दांत देते. रुग्णाचा उल्लेख तेथे नाही. मांडव्यांची व्यथा आपण सांगतो. पण ज्याच्या घरी खरोखरच चोरी झाली, त्याचे कोण ऐकणार?

मी अर्जाचा मसुदा केला. ज्या मुलीच्या उपचारावरून तक्रार झाली, तिच्या वडिलांनाही प्रतिवादी करावे, म्हणजे न्यायालयात त्यांनाही बोलता येईल, असे मी सुचविले. डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग 'घाला त्यांचे नाव,' म्हणाले.