काठ

संध्याकाळी रंकाळ्यावर या. भेळगाड्यांची गर्दी पाठीमागे राहू दे. संध्यामठ दिसेल अशा बेतानं एखादी कोरडी पायरी बघा आणि टेका. श्वास चाललाय तसा चालू दे, त्याला शिस्त लावू नका.

पाण्याकडे बघून झालं की सावकाश डोळे मिटा. आता हे पाणी पसरू द्या, पार प्रशांत महासागरातल्या बोराबोरापर्यंत. कॅलेंडरवर कधीतरी पाहिलं असेल: मधोमध डोंगर, भोवती फिकट निळं पाणी आणि त्यापलीकडे पांढऱ्या फेसाची रेघ. निळ्या पाण्यात उतरायची घाई करू नका. रेघेपाशी थांबा. लाट तिथं फुटते, म्हणून आत पोरं निवांत डुंबतात.

ती रेघ प्रवाळांची. ज्वालामुखीचा डोंगर लाखो वर्षं हळूहळू खाली बसत जातो आणि उजेडाच्या ओढीनं प्रवाळ वर वर चढत राहतात, असं चार्ल्स डार्विननं १८४२ साली मांडलं. त्याला आपला रंकाळ्याचा नंदी दाखवायला हवा होता. रोज गव्हाभर पुढं, तांदळाभर मागं सरकतो म्हणे. एवढ्या चालीनं तुमचा श्वास जातो का, बघा. जात नसेल तरी असू दे.

तितक्या लांब आपण कोण गेलोय! आपली सुट्टी मालवणची. पहाटे निघायचं, गगनबावड्याला चहा, घाटात मागच्या सीटवर कुणीतरी लिंबू हुंगत बसलेलं. खाली उतरलं की अंगाला चिकटणारी हवा.

बोटीतून सिंधुदुर्गाकडे निघा. कुरटे बेटावरचा हा किल्ला १६६४ साली बांधायला घेतला. १८१२ साली करवीरच्या गादीला तो इंग्रजांच्या हवाली करावा लागला. एवढा इतिहास पुरे. तटाला हात लावा. बाहेरच्या अंगाला लाट आपटतेय, तिचा आवाज ऐका. मग आत जाऊन दूधबावीत डोकावा. साखरबाव, दहीबावही आहेत. चहूकडे खारं पाणी आणि या विहिरींत गोडं. इथं जरा रेंगाळा.

मग देवबाग. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. पाण्यात कोण कोण होतं, एकेकाला आठवा. हसणं ऐकू येऊ द्या. कुणाच्या नाकातोंडात पाणी गेलं, कोण रुसून बाहेर आलं. आता हलकेच मान वळवा. तुमच्या घरचं कोण कोरडं राहिलं होतं?

आमच्याकडे आई. घोट्याएवढ्या पाण्यात उभी. एका हातात सगळ्यांची घड्याळं आणि चष्मे, दुसऱ्या हातात टॉवेलांची पिशवी, पायाशी ओळीनं मांडलेल्या चपला. लाट आली की चपला मागं घ्यायची, लाट ओसरली की पुन्हा आपल्या जागी. ‘आत ये की गं,’ असं आम्ही म्हणायचो. पण एकदाच, आणि तिनं नको म्हणायच्या आतच पाण्याकडे वळायचो.

तिच्याजवळ जाऊन उभे राहा. बोलू नका. ती बघतेय तिकडं बघा.

परतल्यावर तिनं मोरीत साडी धुवायला घेतली. काठाला लावलेल्या फॉलची शिवण एका जागी उसवली होती. तिनं ती झटकली, तर आतून मूठभर वाळू निघाली.