वेळापत्रकाने तोडलेले दोन विषय

आपल्या प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात गणिताची तासिका बहुधा सकाळी, मुलांचे डोके ताजे असते या समजुतीने, आणि परिसर अभ्यासाची वा भूगोलाची तासिका दुपारच्या जेवणानंतर, मुले थोडी पेंगली तरी फारसे बिघडत नाही अशा हिशेबाने ठेवलेली असते. आणि सकाळी शिकलेल्या गुणाकाराचा दुपारी शिकलेल्या नदी-डोंगरांशी काही ऋणानुबंध आहे, अशी शंकाही त्या व्यवस्थेत वाढणाऱ्या मुलाला शिवत नाही. वस्तुतः हे दोन्ही विषय मोजणी या एकाच व्यवहारातून जन्मास आलेले आहेत. शेत किती, पुढचे गाव किती दूर, पाणी किती खोल, सूर्य किती वर आला, हे विचारता विचारता माणसाने संख्या घडविली आणि पृथ्वीही ओळखली. पुढे विद्यापीठांनी आपल्या सोयीसाठी त्यांच्या स्वतंत्र शाखा केल्या, त्याला माझा आक्षेप नाही, परंतु ती वाटणी आठ वर्षांच्या मुलाच्या पाटीपर्यंत आणण्याचे काहीच कारण नव्हते. हाताने करून शिकण्याविषयी आज पुष्कळ बोलले जाते. तथापि हाताला काम द्यावे याची जितकी चर्चा होते तितकी ते काम कोणते असावे याची होत नाही. माझ्या मते ते मोजणीचे असावे, आणि त्याचा आरंभ शाळेच्या अंगणात व गावच्या शिवारात व्हावा.

एक उदाहरण जरा विस्ताराने पाहू. चाळीस मीटर लांबीच्या दोरीची टोके एकमेकांस बांधून, चार मुलांना चार कोपरे धरावयास सांगून तिचा चौरस करावा; प्रत्येक बाजू दहा मीटर, आतली जमीन शंभर चौरस मीटर. मग त्याच दोरीचा पंधरा आणि पाच मीटर बाजूंचा आयत करावा, आणि मोजण्यापूर्वी वर्गाला विचारावे की जमीन वाढली, घटली की तेवढीच राहिली. पुष्कळ मुले तेवढीच राहिली असे सांगतील, कारण दोरी तीच आहे (मोठी माणसेही काही कमी वेळा असे सांगत नाहीत). चुन्याने एकेक मीटरच्या रेघा आखून घरे मोजली म्हणजे ती पंच्याहत्तरच भरतात, आणि दोरी आणखी ताणून अठरा मीटर लांब व दोन मीटर रुंद अशी चिंचोळी पट्टी केली की छत्तीसच उरतात. तेव्हा वर्गात जो कोलाहल माजतो, कुणी मोजणाऱ्याला दोष देतो, कुणी दोरी सैल पडल्याचा आरोप करतो, कुणी पुन्हा मोजावयास धावतो, तो शिस्तीच्या नावाखाली दडपणारा शिक्षक त्या दिवसाचा सगळा लाभ गमावून बसतो. परिमिती आणि क्षेत्रफळ यांची सूत्रे नुसती पाठ केलेला विद्यार्थी परीक्षेत बेरीज करावी की गुणाकार, याविषयी चाचपडत राहतो. ज्याने त्या वादात भाग घेतला त्याला चाचपडावे लागत नाही, कारण दोन वस्तूंचा भेद त्याने स्वतःच्या हट्टाविरुद्ध जाऊन मान्य केलेला असतो. आधी अंदाज बांधणे, नंतर मोजणे, आणि दोहोंत जी तफावत पडली तिचा जाब देणे, या क्रमातले पहिले आणि शेवटचे काम वगळले तर उरते ती केवळ हातांची करमणूक.

हा दहा मीटरचा चौरस म्हणजे एक आर. मुलाच्या घरी सातबाराचा उतारा असेल तर त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते, घरातली माणसे मात्र बोलतात गुंठ्यांत. तेहतीस फूट लांब आणि तेवढाच रुंद तुकडा म्हणजे गुंठा, आणि तो आरापेक्षा जेमतेम सव्वा चौरस मीटरने मोठा. जुन्या मुंबई इलाख्यातील मोजणीदारांची साखळी तेहतीस फुटांचीच असे व तिचे सोळा आणे पाडलेले असत. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास इंदापूर तालुक्यात बसविलेला सारा सदोष पैमाश आणि अवास्तव आकारणी यांपायी टिकला नाही, आणि गोल्डस्मिड व विंगेट यांना १८३६ पासून ते काम नव्याने हाती घ्यावे लागले, ही हकीकत गणिताच्या तासाला सांगण्याजोगी आहे. मोजणी चुकल्याने रयत कशी नागवली जाते हे त्यातून कळते, आणि बांधावरून होणारे तंटे ज्यांनी घरात ऐकलेले असतात त्या मुलांना ते फार समजावून सांगावेही लागत नाही.

त्याच अंगणात सरळ कडांचा एक डबा ठेवून पावसाळाभर रोज सकाळी त्यातले पाणी पट्टीने मोजावे. एका आरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे हजार लिटर पाणी पडले, आणि एका एकरावर एक इंच पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर, हा हिशेब पाचवीच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचा नाही. आणि ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते तेथे ते दहा टँकर कोठे वाहून गेले हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. मग महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेस तीसेक किलोमीटरवरच्या वाईस हजाराचीही भरती होत नाही, हे वाक्य त्यांना भिंतीवरच्या सुविचारासारखे निर्जीव वाटणार नाही.

याउलट आपल्याकडे करून शिकण्याचा अर्थ पुष्कळदा साहित्य खरेदी करणे एवढाच घेतला जातो. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम निघाला, सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहावयास राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले, वर्गांच्या फरश्या रंगल्या, मण्यांच्या माळा आणि दशकांचे दांडे आले. यातून पुष्कळ चांगले घडले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जेथे मूळ विचार पोहोचला नाही तेथे गणितपेटी जडसंग्रह नोंदवहीत चढून कपाटात बंद झाली, कारण मणी हरवला तर भरपाई कोणी करावयाची हा प्रश्न शिक्षकाला वर्गमूळापेक्षा अवघड वाटतो, आणि त्यात त्याची चूक आहे असे मी म्हणणार नाही. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून निघालेल्या नई तालीम या हस्तोद्योगातून शिकविण्याच्या पद्धतीचीही पुष्कळ ठिकाणी हीच गत झाली. टकळी राहिली, सुताची लांबी, वजन आणि किंमत यांतून निघावयाचे गणित मात्र मागे पडले. याउलट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ मध्ये बोर्डीस व पुढे कोसबाडला जे कार्य उभे केले त्यात परदेशी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, दगड, पाने अशा भोवतालच्या वस्तूंनी ती जागा भरली, आणि आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. साधन स्वस्त असल्यामुळे ते मोडण्याची भीती राहिली नाही, हा त्यातला मोठा फायदा हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

येथे जुन्या पिढीचे वाचक विचारतील की पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून आम्ही बाजारहाट केला, त्यात काय उणे पडले? काहीच उणे पडले नाही. पाढे हे कारागिराच्या हत्यारांप्रमाणे तोंडी तयारच असले पाहिजेत, आणि हाताने शिकविण्याच्या उत्साहात पाठांतराला हिणवणारे लोक मुलांचे नुकसान करीत आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्या काळच्या मुलाला औटकी पाठ होती ती दुकान, शेत आणि सावकार यांच्या संगतीत. शाळेने घोकून घ्यावयाचे आणि गावाने वापरून घ्यावयाचे, अशी ती विभागणी होती. गावाने आपला अर्धा वाटा आज सोडून दिला आहे, वजन यंत्र सांगते आणि हिशेब मोबाइल करतो. तो वाटा शाळेने उचलावा, एवढेच मागणे आहे.

भूगोलाचे दारिद्र्य तर याहून अधिक आहे. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर दिशा वर असते, म्हणून उत्तर कोठे असे विचारल्यावर छताकडे बोट दाखविणारी मुले प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहेत. नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर पसरावा आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेस लावावी. ती शोधण्यासाठी अंगणात एक सरळ काठी रोवून बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. हिवाळ्यात सर्वांत आखूड सावली नेमकी उत्तरेस पडते. मात्र ती बाराच्या ठोक्याला पडत नाही: मुंबईस सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी, नागपुरास सव्वाबाराच्या आगेमागे, आणि ऋतुमानाप्रमाणे तीही पंधरा-सोळा मिनिटांनी मागेपुढे सरकते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताच्या वेळेवर चालते आणि मुंबई त्याच्या पश्चिमेस पावणेदहा अंशांच्या आसपास आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली म्हणजे गुणाकार जुळतो. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यानंतरही मुंबई शहराने अनेक वर्षे आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ सोडली नव्हती, हे ऐकून मुलांना मौज वाटते. (मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येऊन काठीची सावलीच पडत नाही असा शून्य सावलीचा दिवस मात्र पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यास, म्हणजे सुटीत, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, म्हणजे ढगांत येतो, आपल्या शिक्षणखात्याशी सूर्याने सल्लामसलत केलेली दिसत नाही.)

स्वित्झर्लंडमधील इव्हर्दाँ येथे पेस्टालोझी या शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेतील मुलांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जवळच्या बुरॉन नदीच्या खोऱ्यात नेत, तेथून माती आणून ती मुले मोठ्या टेबलांवर ते खोरे उठावात घडवीत, आणि ते पुरे झाल्यावरच त्यांना नकाशा दाखवीत. आधुनिक भूगोलाचा एक संस्थापक कार्ल रिटर याने १८०७ मध्ये ती शाळा पाहिली आणि तिचे ऋण पुढे मोकळेपणाने मान्य केले. आपल्या तिसरीच्या मुलांना स्वतःच्या जिल्ह्याचे स्वतंत्र पुस्तक मिळते, ही सोय फार चांगली; परंतु त्या जिल्ह्याचा नकाशा मुलाने गिरवावयाचा असतो, आणि शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता पावलांनी मोजून काढलेला त्याचा पहिला वाकडातिकडा नकाशा कोणी मागत नाही.

हाताची धाव कोठे संपते हेही सांगितले पाहिजे. लाख खडे कोणी मोजत नाही आणि सहारा अंगणात मावत नाही. तेथे कल्पनाच हवी. पण पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, हे कळण्यापूर्वी ज्याने अर्धा किलोमीटर चालून मोजला आहे, त्याची कल्पना अधांतरी राहत नाही. नाशिक आणि कोल्हापूर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३६५ किलोमीटर, अक्षांशांतला फरक सुमारे ३.३ अंश; दोन्हीकडच्या सातवीच्या वर्गांनी एकाच दिवशी मध्यान्हीची सावली मोजून कळविली, तर इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाने ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया आणि सायीन यांच्यामधल्या अंतरावरून काढलेला पृथ्वीचा परीघ आपल्या मुलांनाही चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास काढता येईल.

साठ पटापर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे चार इयत्ता दोघांत, अशी आपल्या असंख्य शाळांची स्थिती असल्याने हे सारे अव्यवहार्य ठरविणे सोपे आहे. मला उलट वाटते: मोजणीच्या कामात चौथीची मुलगी दोरी धरते, दुसरीचा मुलगा पावले मोजतो, पहिलीतले मूल खुणेचे दगड ठेवते, आणि इयत्तांची जी सरमिसळ फळ्यापुढे अडचणीची ठरते ती अंगणात उपयोगी पडते. खरी अडचण तपासणीची आहे. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी शाळेत येतात तेव्हा वह्यांतली उत्तरे पाहतात, म्हणून शिक्षक उत्तरे तयार ठेवतात. त्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की शेऱ्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा, मुलांच्या हातची मोजणीवही मागावी, आणि तिच्यात अंदाज, मोजलेले माप व चुकलेले माप अशा तिन्ही नोंदी असतील तरच तिच्यावर सही करावी.