एका काटकीचा हिशेब

सकाळी कामाला निघायची घाई असते. डबा भरलेला असतो, किल्ली सापडत नसते, कंपनीची बस चुकेल अशी धाकधूक असते. या गडबडीत कुणी नसलेल्या खोलीत पंखा फिरत राहतो. जिना उतरताना ते आठवतं आणि मन म्हणतं, जाऊ दे, एका पंख्याने काय होणार? हिशेब मांडला तर खरंच फार काही होत नाही. साधा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास असतो. संध्याकाळपर्यंत दहा तास फिरला तर पाऊण युनिट वीज जाते. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच तयार होते, आणि कोळशावरच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. म्हणजे आपल्या पंख्याचा दिवसाचा वाटा पाऊण किलोच्या आसपास. साऱ्या जगाच्या धुरापुढे तो मोजायलाही नको, इतका लहान. म्हणूनच ‘एकट्याने काय होणार’ हे वाक्य चटकन तोंडात येतं आणि पटतंही. लोकांना काही कळत नाही असं मात्र मुळीच नाही. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२ मध्ये भारतभर पाहणी केली. जगाची हवा तापत चालली आहे म्हणजे काय, हे थोडक्यात समजावून सांगितल्यावर ८४ टक्के लोकांनी सांगितलं की हो, असं घडतं आहे. शेतावर राबणाऱ्याला हे कळतं, छपराखाली उकाड्याने तळमळणाऱ्याला कळतं. कळूनही बटणाकडे जाणारा हात त्या एका वाक्यापाशी अडतो. आज पाच मिनिटं त्या वाक्याचाच विचार करू. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या मुळशीला जाऊ, कारण तिथल्या माणसांनी या वाक्याला फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे.

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आहेत आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा घाट. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात सबंध वर्षात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, यावरून त्या एका दिवसाची कल्पना येईल. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस नवा नाही, आणि कुठल्याही एका दिवसाच्या पावसाचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. पण हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते कुठे ना कुठे कोसळतंच. पण आपल्या त्या वाक्याचं उत्तर याच तालुक्याच्या डोंगरांतल्या जुन्या देवरायांत, देवाच्या नावाने राखलेल्या रानांत आहे. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून पाहिल्या, त्यांतल्या झाडांची नोंद केली. देवराईचा नियम साधा असतो. तिथली फांदी तोडायची नाही. पुष्कळ ठिकाणी तर खाली पडलेली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. आता ते दिवस डोळ्यांसमोर आणा. घराघरात चूल होती आणि रोज सरपण लागत होतं. डोक्यावर मोळी घेऊन बाया त्याच वाटेने येत-जात होत्या. त्यांतल्या एकीने एक काटकी घेतली असती तर रान कमी झालं असतं का? नसतं झालं. तरी तिने घेतली नाही, तिच्या सासूने घेतली नव्हती आणि पुढे तिच्या सुनेनेही घेतली नाही. कुणाचीच काटकी ‘एकच तर आहे’ म्हणून सुटली नाही, म्हणून ती राई उभी राहिली. तिच्या सावलीतलं पाणी टिकलं, जुनी झाडं टिकली, मनगटाएवढ्या वेली टिकल्या. जिथे हा नियम सैल झाला, तिथे राया विरळ होत गेल्या. तिथेही बहुधा आधी कुणीतरी एकच काटकी उचलली असणार. देवराईने एकट्या माणसाचं लहानसं वागणं कधी एकट्याचं धरलं नाही. ते सगळ्यांच्या वागण्यात मिळवूनच मोजलं. आपल्या पाऊण युनिटाचा हिशेबही असाच मांडायला हवा. एका घरात ते फक्त पाऊण युनिट असतं. एका इमारतीतल्या शंभर घरांनी तेवढी वीज वाचवली तर दिवसाला पंचाहत्तर युनिटं होतात. शिवाय शेजारच्या मुलाने आपल्याला बटण बंद करताना पाहिलेलं असतं, त्याचा हिशेब तर कुठल्याच मीटरवर येत नाही.

आता दुसरी शंका. आम्ही घरात पंखे बंद करायचे आणि मोठमोठ्या कंपन्यांनी, सरकारांनी हवं तसं वागायचं, हा कुठला न्याय? शंका अगदी रास्त आहे. जे जास्त धूर सोडतात त्यांनी जास्त भार उचलायला हवा, यात वाद नाही. पण म्हणून आपलं लहान काम ठेवून द्यायचं का? याचंही उत्तर मुळशीतच सापडतं. शंभर वर्षांपूर्वी इथे मुळा नदीवर टाटांच्या वीज कंपनीचं धरण व्हायचं होतं. अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने न्यायचं, खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि त्यावर तयार झालेली वीज मुंबईला पुरवायची, अशी ती योजना. त्यापायी मावळ्यांची गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा डोंगरात घुमली. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात सर्वस्व ओतून उतरले, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि तेव्हापासून महाराष्ट्र त्यांना सेनापती बापट म्हणू लागला. लढा तीन वर्षं चालला. तरी धरण झालं, १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं आणि गावं बुडाली. धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांत आज या सत्याग्रहाचं नाव घेतलं जातं. एवढ्या मोठ्या ताकदीला भिडलेल्या या माणसाची एक सवय फार शिकण्यासारखी आहे. बापट आपल्या पारनेर गावात सकाळी उठून हातात झाडू घेत आणि गावचे रस्ते झाडत. रस्ता झाडल्याने इंग्रजांचं राज्य जाणार नव्हतं, हे त्यांना कळत नव्हतं का? पण आधी राज्य बदलू द्या, मग रस्ता झाडू, असं ते म्हणाले नाहीत. झाडू मारला की माझं काम संपलं, असंही त्यांनी धरलं नाही. सकाळचा झाडू आणि सरकारला विचारलेला जाब, ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली. मला वाटतं, त्या दोन कामांनी एकमेकांना बळच दिलं असेल. जो रोज स्वतःच्या हाताने आपल्या वाट्याचं काम करतो, त्याच्या प्रश्नाला वजन येतं. जो मोठा प्रश्न विसरत नाही, त्याच्या लहान कामाला दिशा राहते.

तेव्हा आजच्या दिवसासाठी दोन गोष्टी ठरवू. एक हाताची आणि एक तोंडाची. हाताची म्हणजे घरातली एखादी सवय. निघण्याआधी अर्धं मिनिट थांबून खोल्यांवरून नजर फिरवायची, दिवे, पंखे, गिझर, गळका नळ बघायचा. किंवा पिशवी आणि पाण्याची बाटली घरूनच घ्यायची. रविवारी ताम्हिणीला पाऊस बघायला गेलो, तर भाजलेल्या कणसाच्या बुरकुंडापासून वेफर्सच्या पाकिटापर्यंत आपला सगळा कचरा गाडीतून परत आणायचा. एकच सवय निवडली तरी चालेल, पण ती रोजची हवी. कुणाला सांगायला नको, दाखवायला नको, दुसऱ्याला त्यावरून टोचून बोलायला तर मुळीच नको. तोंडाची म्हणजे एक प्रश्न. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारायचं की गच्चीवर सौर पॅनेल बसवायला काय लागेल. ग्रामसभेत विचारायचं की देवराईच्या कडेची झाडं कोण तोडतंय, आणि ओढ्यात राडारोडा कोण टाकतंय. ऑफिसात विचारायचं की संध्याकाळी मजले रिकामे झाल्यावरही एसी का चालू असतात. प्रश्न नम्रपणे विचारावा, पण विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत सोडू नये. काही दिवस सवय मोडेल, काही वेळा प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. त्याने खचायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करता येते, आणि आपल्यासारखाच कुणीतरी शेजारच्या घरात, पलीकडच्या गावात हेच करत असतो. त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं, आपलं त्याला माहीत नसतं. देवराई राखणाऱ्या माणसांनाही पुढच्या पिढ्यांची नावं कुठे माहीत होती? पुढे येणारा आपल्यासारखाच वागेल, एवढा विश्वास त्यांनी ठेवला आणि आपल्या वाट्याचा नियम पाळला. तेवढा विश्वास आजही ठेवता येतो. आज एक बटण आणि एक प्रश्न, एवढं आपल्या हातात नक्की आहे.